बाळाचा लंगोट उघडून बघा : शीची जागा नसलेलं लेकरू आणि त्याची तीन ऑपरेशनं

माजलगावची_माय · सोमवार, रात्री १०:१२

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या एका पोरीचं बाळंतपण झालं. टोपडं-झबलं घेऊन गेले, बाळाला मांडीवर घेतलं आणि तिच्या आईला म्हणलं, "मावशी, लंगोट सोडू का?" त्यांना काही कळेना. मी बाळाचे दोन्ही पाय वर धरले, शीची जागा नीट बघितली आणि लंगोट परत बांधला. सगळं जागच्या जागी होतं. घरी येताना मात्र मला रडू आलं, कारण आठ वर्षांपूर्वी माझ्या लेकराचे पाय असे वर धरून कुणी बघितलं नव्हतं. म्हणून हा धागा.

२०१७ ची दिवाळी पंधरा दिवसांवर होती. पहाटे चार वाजता मुलगा झाला. वजन पावणेतीन किलो, रडणं खणखणीत. केसपेपरवर सगळं नॉर्मल म्हणून लिहिलेलं. दवाखान्याचं नाव मी लिहिणार नाही. दुपारी लंगोटावर काळपट-हिरवा डाग दिसला. सासूबाई खूश झाल्या, बाळानं शी केली म्हणून. सिस्टर राउंडला आल्या, "शी-शू झाली का?" आम्ही सगळ्यांनी "हो" म्हणलं. खोटं कुणीच बोललं नव्हतं, डाग होताच की.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पोट ढोलासारखं झालं. दूध ओढेना, ओढलं तर बाहेर काढी. रात्री माझी आई लंगोट बदलत होती आणि नेमकी तेव्हाच त्याला लघवी झाली. आई ओरडली, "अगं, ह्याच्या मुतातून हिरवं येतंय!" तेव्हा पहिल्यांदा पाय वर केले. दोन्ही ढुंगणांच्या मधे नुसती एक रेघ होती. कातडी सपाट. छिद्र नव्हतंच. तो डाग शीच्या जागेवरून आलेलाच नव्हता. आत आतडं लघवीच्या नळीला जोडलेलं होतं आणि तिथून थेंब थेंब काळी शी झिरपत होती.

रात्रीच १०८ नं बीड आणि तिथून संभाजीनगर. मी टाक्यांची बाळंतीण, मला गाडीत घेतलं नाही. नवरा आणि माझी आई गेले. तिसऱ्या दिवशी पहिलं ऑपरेशन झालं, पोटावर डाव्या बाजूला शीचा रस्ता काढला. पाच महिन्यांचा असताना दुसरं, शीची जागा तयार केली. त्यानंतर तीन महिन्यांनी तिसरं, पोटावरचा रस्ता बंद केला. आज तो तिसरीत आहे आणि कबड्डी खेळतो.

ज्यांच्या घरात हे आत्ता घडतंय त्यांनी इथं काहीही विचारा. मला जे ठाऊक आहे ते सगळं सांगेन.

---

गोदाकाठ_परभणी · सोमवार, रात्री ११:०५

ताई, वाचताना अंगावर काटा आला. माझ्या वहिनीचं बाळ असंच होतं, ते वाचलं नाही. तेव्हापासून घरातल्या बायका तिला बोलतात की तू ग्रहणात विळीवर बसलीस, म्हणून लेकराला जागा आली नाही. ती आता दुसऱ्यांदा गरोदर आहे आणि भीतीनं जेवत नाही. सोनोग्राफी तर तेव्हाही झाली होती, मग कुणाला दिसलं कसं नाही?

---

बालशल्य_निवासी · मंगळवार, सकाळी ७:३०

मी बालशल्यचिकित्सेत एम.सीएच. करतोय, म्हणजे लहान मुलांचा सर्जन होण्याचं शिक्षण. रात्रीची ड्यूटी संपवून हे लिहितोय.

आधी वहिनींबद्दल. गर्भात सुरुवातीला शीचा आणि लघवीचा मार्ग एकच असतो. साधारण चौथ्या ते आठव्या आठवड्यात मधे पडदा वाढतो आणि दोन वाटा वेगळ्या होतात. हा पडदा नीट झाला नाही की शीची जागा तयार होत नाही आणि आतडं भलत्याच ठिकाणी उघडतं. म्हणजे पाळी चुकली, तपासणी केली, घरात गोड बातमी सांगितली, तोवर हे होऊन गेलेलं असतं. विळी, ग्रहण, पपई, कुणाची नजर, कशाचाही याच्याशी संबंध नाही. वहिनींना हे माझ्या वतीनं सांगा आणि त्यांना पोटभर जेवायला लावा. बहुतेक घरांत हा दोष एकदाच दिसतो. पुढच्या बाळाला होण्याची शक्यता फार थोडी असते. तरी डॉक्टरांना आधीच्या बाळाबद्दल जरूर सांगा आणि बाळंतपण मोठ्या ठिकाणी करा.

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत हा दोष सहसा दिसत नाही. पोटात असताना बाळ शी करत नाही, त्यामुळे आतडं तुंबून फुगल्याचं चित्र तेव्हा मिळत नाही. जठराच्या पुढचं आतडं बंद असेल तर ते शेवटच्या महिन्यांत कधी कधी दिसतं, कारण बाळाला गर्भजल गिळून पुढं ढकलता येत नाही आणि पाणी वाढतं. शीच्या जागेसाठी मात्र जन्मल्यावर डोळ्यांनी बघणं हीच तपासणी. तिला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. दर पाच हजार बाळांमागे साधारण एकात हा दोष असतो, त्यामुळे छोट्या दवाखान्यातल्या सिस्टरला वर्षानुवर्षं एकही दिसत नाही आणि बघायची सवय सुटते.

जागा नाही हे कळलं तरी बहुतेक वेळा लगेच चिरत नाहीत. साधारण २४ तास थांबतात, बाळाला सलाईन लावून, पोटात नळी घालून. तोवर हवा आतड्याच्या टोकापर्यंत पोचते आणि बाळाला पालथं घालून, ढुंगण उंच करून काढलेल्या एक्सरेत ते टोक कातडीपासून किती लांब आहे ते दिसतं. टोक जवळ असेल तर एकाच ऑपरेशनमध्ये भागतं. लांब असेल, किंवा ताईंच्या बाळासारखी लघवीत शी येत असेल, तर आधी पोटावर रस्ता काढतात.

याच काळात हृदयाची इको, किडनीची सोनोग्राफी, मणक्याचा एक्सरे आणि अन्ननळीत नळी घालून बघणं, हे सगळं होतं. हे अवयव गर्भात जवळजवळ एकाच सुमारास घडतात, म्हणून एकाचा दोष सापडला की बाकीचे तपासावेच लागतात. नातेवाईक चिडतात, "शीच्या जागेला काय झालं आणि हे हृदय काय बघतात!" त्यामागचं कारण हे आहे.

---

माजलगावची_माय · मंगळवार, दुपारी २:४०

डॉक्टर, धन्यवाद. इको करायला नेलं तेव्हा आमचे हे खरंच चिडले होते.

पोटावरच्या रस्त्याबद्दल सांगते, कारण बायकांना सगळ्यात जास्त भीती त्याची वाटते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझे हात कापत होते. टमाट्यासारखं लाल, ओलं, दोन तोंडं. एकातून शी येते, दुसऱ्यातून नुसता चिकट पांढरा पदार्थ. मला वाटायचं हात लागला तर लेकरू कळवळेल. आतड्याच्या त्या भागाला हात लागल्याचं दुखणं कळत नाही, हे मला महिनाभरानं एका सिस्टरनं सांगितलं. दुखतं ते आजूबाजूच्या कातडीला, शी लागून लागून. म्हणून कातडी जपायची. कोमट पाण्यानं धुवायची, मऊ कापडानं टिपायची, घासायची नाही, आणि मलमाचा जाड थर लावायचा. शी गोळा करायच्या पिशव्या महाग आणि त्याच्या एवढ्याशा पोटावर टिकतही नव्हत्या. आम्ही जुन्या सुती साडीच्या घड्या ठेवायचो, वर सैल पट्टा. मोठ्यानं रडला की आतडं जरा बाहेर यायचं आणि शांत झाला की आत जायचं. ते चालतं. रंग काळा-निळा झाला, किंवा बाहेर आलेलं आत जाईना, तर त्याच घडीला दवाखाना.

सटवाईच्या पूजेला आमच्या घरात कुणाचं लक्ष नव्हतं, सगळे दवाखान्यात. सासूबाईंनी ती बाराव्या दिवशी वॉर्डाबाहेरच्या झाडाखाली केली. मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, त्यांना जे करता येत होतं ते त्यांनी केलं.

---

आशाताई_धारूर · मंगळवार, रात्री ९:१५

मी आशा आहे. आमच्या गावात ऊसतोडीला जाणारी घरं जास्त. तीन वर्षांमागं एका जोडप्याचं लेकरू असंच निघालं. पहिलं ऑपरेशन झालं, दुसरं झालं, आणि दसऱ्याला मुकादमाची गाडी आली. उचल, म्हणजे मजुरीचे पैसे आधीच घेतलेले. नवरा-बायको मिळून एक कोयता, बाई घरी थांबली तर अर्धा कोयता मोडतो, उचल फिटत नाही. लेकराला घेऊन गेले कारखान्यावर. कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, ना पाणी, ना आडोसा. पहाटे चारला फडात जायचं, रात्री गाडी भरायची. डॉक्टरनं सांगितलेली सळई शीच्या नव्या जागेत सकाळ-संध्याकाळ घालायची होती, ती राहून गेली. संक्रांतीनंतर आले तेव्हा जागा इतकी बारीक झालेली की दोऱ्यासारखी शी यायची. पुन्हा ऑपरेशन करावं लागलं.

मी त्या बाईला दोष देत नाही. तिला कुणी बसवून समजावलंच नव्हतं की ऑपरेशनइतकीच ती सळई महत्त्वाची आहे. दुसऱ्या वेळी मी लेकराच्या आजीला सोबत नेलं, सिस्टरनं तिच्याकडून दोनदा करून घेतलं. पुढच्या हंगामात जोडपं गेलं, लेकरू आजीपाशी राहिलं. मी दर आठवड्याला जाऊन सळईचा नंबर बघायचे. लेकरू आता बरं आहे.

---

माजलगावची_माय · मंगळवार, रात्री ९:५०

आशाताई, तुम्ही लाख मोलाचं काम केलंत. सळईबद्दल मी लिहिणारच होते.

दुसऱ्या ऑपरेशननंतर दोन आठवड्यांनी डॉक्टरांनी पहिल्यांदा स्टीलची गुळगुळीत सळई घातली. हेगर म्हणतात तिला. प्रत्येकीवर नंबर कोरलेला असतो. आमची सुरुवात ९ नंबरनं झाली, आठवड्याला एकेक नंबर वाढवत १३ वर आलो. रोज दोनदा. नवीन शिवलेली जागा आकसत जाते, ती आकसू द्यायची नाही, एवढाच याचा हेतू.

करायची कशी? सळई धुऊन-उकळून गार करायची. बाळाला पाठीवर झोपवून गुडघे पोटाशी. एकानं पाय धरायचे आणि त्याच्याशी बोलत राहायचं. जेली लावून सळई हळूच, जोर न लावता, डॉक्टरांनी दाखवलेल्या दिशेनं आणि तेवढीच आत. थोडा वेळ ठेवून काढायची. नंबर वाढवला की पहिले दोन दिवस रडतो, क्वचित रक्ताचा ठिपकाही दिसतो. मी पहिल्या आठवड्यात सळई हातात घेऊन त्याच्यापेक्षा जास्त रडले. एकदा तर "आज राहू दे" म्हणून दोन दिवस खाडा केला आणि तिसऱ्या दिवशी तोच नंबर जाईना. त्यानंतर एकही खाडा केला नाही. १३ नंबर सहज जायला लागल्यावर दिवसातून एकदा, मग एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, असं महिन्या-महिन्यानं कमी केलं. नंबर आणि दिवस प्रत्येक लेकराचे वेगळे, ते तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या. माझे बघून करू नका.

---

हिंगोलीकर_मामा · बुधवार, पहाटे ५:४८

कुणी जागं आहे का? माझ्या बहिणीचं बाळ, परवा रात्री जन्मलं. शीची जागा आहे, मी आत्ता हा धागा वाचून स्वतः बघितली. पण शी अजून झालेली नाही. पोट फुगलंय. काल संध्याकाळपासून दोन उलट्या, दुसरी हिरवी होती, पालकाच्या पाण्यासारखी. इथले डॉक्टर सकाळी १० ला येणार. आई म्हणते घुटी पाजून बघू, पोट साफ होईल. शेजारची एक म्हातारी बिब्ब्याचा डाग दे म्हणते.

---

बालशल्य_निवासी · बुधवार, पहाटे ५:५५

घुटी नाही. डाग नाही. दूधही नाही. आत्ता निघा.

नवजात बाळाची हिरवी उलटी म्हणजे आतड्यात पुढं कुठंतरी वाट अडली आहे, असंच धरून चालायचं. आतडं जन्मतः बंद असेल किंवा पिळा पडला असेल. पिळा पडला असेल तर आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडतो आणि काही तासांत ते काळं पडतं. १० वाजेपर्यंत थांबू नका. ड्यूटीवर जे कोणी असतील त्यांना उठवा, बाळाच्या नाकातून पोटात नळी घालून ती उघडी ठेवायला सांगा, सलाईन लावायला सांगा, १०८ बोलवा. निघण्याआधी पुढच्या दवाखान्यात पीडियाट्रिक सर्जन आज हजर आहेत ना, हे फोन करून विचारायला सांगा. हे लेकरू पुन्हा तिसरीकडं पाठवायची वेळ येऊ नये.

---

माजलगावची_माय · बुधवार, पहाटे ६:०२

मामा, बाळाला उघडं नेऊ नका. टोपी, मोजे, आणि कुणीतरी मोठ्यानं अंगाशी, कातडीला कातडी लावून धरा, वरून चादर. लेकरं गाडीत गार पडतात आणि तिथं पोचल्यावर आधी ऊब देण्यात वेळ जातो. जन्माचा कागद, रेफर चिठ्ठी, बहिणीचं आधार आणि रेशनकार्ड घ्या. बहिणीला येता येत असेल तर न्याच. धागा नंतर वाचा.

---

हिंगोलीकर_मामा · बुधवार, सकाळी ६:३१

गाडी आली. नांदेडला निघालो. फोनवर बोलणं झालंय, सर्जन आहेत.

---

लातूरची_आत्या · बुधवार, दुपारी १:२०

मामांच्या बाळासाठी देवाला हात जोडले.

मला मुलींबद्दल लिहायचंय. माझी भाची तीन वर्षांची होईपर्यंत कुणाला कळलं नाही. तिला शी व्हायची, रोज नाही, कुंथून कुंथून. सगळे म्हणायचे पोट जड आहे, एरंडेल द्या. एकदा मी तिला अंघोळ घालत होते तेव्हा बघितलं, शीच्या जागी छिद्रच नाही. शी पुढून, लघवीच्या जागेच्या खालून, एका बारीक भोकातून येत होती. तिच्या आईला माहीत होतं! तिला वाटायचं मुलींचं असंच असेल. आणि विचारायचं कुणाला? मुलीची तसली गोष्ट, बोभाटा झाला तर पुढं लग्नाला अडचण, म्हणून ती गप्प बसली.

सर्जन म्हणाले की मुलींमध्ये हा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो आणि ऑपरेशननंतर निकालही चांगला लागतो. भाचीचं ऑपरेशन झालं. उशीर झाल्यामुळे आतडं खूप फुगलं होतं, म्हणून बद्धकोष्ठाचं औषध तिला वर्षानुवर्षं घ्यावं लागलं. पहिल्या महिन्यात कळलं असतं तर एवढं झालं नसतं. मुलगी आहे म्हणून लपवू नका हो. लपवल्यानं जे नुकसान होतं ते तिलाच भोगावं लागतं.

---

जालन्याचा_बाप · बुधवार, संध्याकाळी ६:१०

आमचा प्रकार वेगळा. जागा होती, उघडी होती, पण तिसऱ्या दिवसापर्यंत काळी शी नाही. एका डॉक्टरांनी बोट घालून बघितलं तर एकदम पिचकारीसारखी शी आणि हवा बाहेर आली, पोट बसलं. सगळे म्हणाले झालं मोकळं. दहा दिवसांनी परत तेच. वर्षभर आम्ही साबणाची कांडी, एनिमा, ग्राइप वॉटर करत राहिलो. लेकरू वाळत चाललं आणि पोट तेवढं वाढत चाललं. शेवटी संभाजीनगरला गुदद्वारातून आतड्याचा एवढासा तुकडा काढून तपासायला पाठवला आणि हिर्शस्प्रंग निघाला. डॉक्टर, हा आजार नेमका काय असतो ते साध्या भाषेत लिहाल का? आम्हाला कळायला वर्ष लागलं.

---

बालशल्य_निवासी · बुधवार, रात्री १०:४५

आतड्याच्या भिंतीत बारीक चेतापेशी असतात. त्या आतड्याला आळीपाळीनं आवळायला आणि सैल व्हायला लावतात आणि शी पुढं सरकते. गर्भात या पेशी तोंडाकडून खाली गुदद्वाराकडं प्रवास करत पोचतात. काही बाळांत त्या मधेच थांबतात. जिथं त्या पोचल्या नाहीत तो शेवटचा तुकडा कायम आवळलेला राहतो. नळी उघडी दिसते पण शी पुढं जात नाही. आजारी भाग अरुंद असतो आणि त्याच्या वरचा चांगला भाग फुगत जातो, म्हणून एक्सरे बघणाऱ्याचीही फसगत होते. कोपनहेगनच्या हाराल्ड हिर्शस्प्रंग या बालरोगतज्ज्ञांनी १८८६ मध्ये याचं वर्णन केलं, त्यांना फुगलेला भागच आजारी वाटला होता. १९४८ मध्ये स्वेन्सन यांनी खालचा अरुंद तुकडा काढून वरचं चांगलं आतडं खाली ओढून जोडलं, आणि ही मुलं बरी होऊ लागली. आज बऱ्याच बाळांत पोट न चिरता हे ऑपरेशन खालूनच करता येतं. मुलींपेक्षा मुलांत हा आजार चौपट दिसतो.

पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला पहिली काळी शी बहुधा २४ तासांत, आणि जवळजवळ सगळ्यांना ४८ तासांत होते. ४८ तास उलटले तर "होईल" म्हणून थांबू नका. या मुलांना ताप, फुगलेलं पोट आणि घाण वासाची पातळ शी एकदम सुरू झाली तर तो आतड्याचा गंभीर संसर्ग असू शकतो. ऑपरेशनच्या आधीही होतो, नंतरही होतो, आणि जीव जातो तो बहुतेक यानंच. जुलाब समजून घरी ओआरएस देत बसू नका.

आणखी दोन गोष्टी, कारण त्याही आमच्याकडं उशिरा येतात. बाळाच्या तोंडातून जन्मल्यापासून सारखा फेस येत असेल, पुसला तरी परत येत असेल, तर अन्ननळी मधेच बंद असू शकते. अशा बाळाला मध चाटवला, घुटी दिली, दूध दिलं तर ते फुप्फुसात जातं. आधी नळी घालून बघायचं. आणि कावीळ दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिली आणि शी पांढरट, मातीसारखी झाली, तर पित्ताचा मार्ग बंद असू शकतो. त्याचं ऑपरेशन जपानच्या कासाई यांनी १९५९ मध्ये मांडलं, पण ते बाळ साठ दिवसांचं व्हायच्या आत झालं तर उपयोग जास्त. कोवळ्या उन्हात धरून ही कावीळ जात नाही.

---

हिंगोलीकर_मामा · गुरुवार, दुपारी ३:२५

काल दुपारी ऑपरेशन झालं. लहान आतड्याचा एक भाग तयारच झालेला नव्हता, दोन्ही टोकं बंद. वरचं मनगटाएवढं फुगलेलं, खालचं दोऱ्यासारखं. कापून जोडलंय. बाळ काचेच्या पेटीत आहे, नाकात नळी. बहीण बाहेर बसून आहे.

एक अडचण. योजनेच्या खिडकीवर म्हणतात रेशनकार्डावर बाळाचं नाव नाही. तीन दिवसांच्या बाळाचं नाव कसं असणार?

---

माजलगावची_माय · गुरुवार, दुपारी ३:४०

वाद घालू नका, आरोग्यमित्राला भेटा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे आरोग्यमित्र दवाखान्यातच बसतात. नवजात बाळासाठी आई-बापाचं रेशनकार्ड, बाळाचा जन्माचा दाखला आणि आई किंवा बापासोबत बाळाचा फोटो, यावर काम होतं. आमचं असंच झालं होतं. आमच्या वेळी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती, आता ती पाच लाख आहे. अशी ऑपरेशनं योजनेत बसतात. दवाखाना सरकारी असेल तर एक वर्षाच्या आतल्या आजारी बाळावर उपचार मोफत असायला हवेत, तेही विचारा. दाजींना पेटीपाशी थांबू द्या, पळापळ तुम्ही करा.

---

गोदाकाठ_परभणी · गुरुवार, रात्री ८:३०

वहिनीला डॉक्टरांचं सगळं वाचून दाखवलं. चौथा ते आठवा आठवडा हे तिनं मला दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, ते ग्रहण तर माझ्या सातव्या महिन्यात होतं. आज ती दोन भाकरी जेवली.

---

जालन्याचा_बाप · गुरुवार, रात्री ९:००

माजलगावच्या ताई, एक विचारायचं होतं. आमचा आता सहा वर्षांचा, ऑपरेशन चांगलं झालं, पण शाळेत चड्डी खराब होते. पोरं नाकाला हात लावतात. तो शाळेत जायला नको म्हणतो. तुमच्या लेकराचं कसं केलंत?

---

माजलगावची_माय · गुरुवार, रात्री ११:२०

दादा, आमच्या घरातलं सगळ्यात अवघड वर्ष तेच होतं, ऑपरेशनांपेक्षाही.

पोटावरचा रस्ता बंद केल्यावर पहिले दोन महिने दिवसातून वीस वेळा थोडी थोडी शी. ढुंगण सोललेल्या टमाट्यासारखं. झिंकच्या मलमाचे थर आणि जमेल तेव्हा उघडं ठेवणं, यानं ते गेलं. नंतर चार वर्षांचा झाला तेव्हा दिवसभर चड्डीला डाग. मला वाटलं जागा ढिली झाली, गळतंय. मी त्याचं खाणं कमी केलं, दूध बंद केलं, जुलाब थांबवायचं औषधही दिलं. ही माझी मोठी चूक झाली. डॉक्टरांनी पोटाचा एक्सरे काढला तर आतडं कडक शीनं गच्च भरलेलं. ती घट्ट शी आत बसून होती आणि तिच्या कडेनं पातळ शी झिरपत होती. म्हणजे ते बद्धकोष्ठ होतं आणि मी त्याला जुलाब थांबवायचं औषध देत होते.

आधी पोट पूर्ण रिकामं केलं. मग रोज संध्याकाळी सातला मिठाच्या पाण्याचा एनिमा, किती द्यायचा ते डॉक्टरांनी एक्सरे बघत बघत ठरवून दिलं. एनिमा घेतला की तो पाऊण तास संडासात बसतो. मी दाराबाहेर पाटावर बसून त्याचे पाढे घेते. सतराचा पाढा त्याला तिथंच पाठ झाला. मग दुसऱ्या संध्याकाळपर्यंत चड्डी कोरडी. काही मुलांना हे कायम लागतं, काहींना मोठं झाल्यावर लागत नाही. पाठीच्या शेवटच्या मणक्याची वाढ कशी आहे आणि आतडं कुठं उघडत होतं, यावर ते अवलंबून असतं असं आम्हाला सांगितलं. तुमच्या मुलाचा आजार वेगळा आहे, त्याला एनिमा योग्य का औषध, हे तुमच्या सर्जनना विचारा. पण आधी पोटाचा एक्सरे काढून घ्या, अंदाजानं काही देऊ नका.

शाळेत मी मॅडमना सगळं सांगितलं, एकटीला, सुटीच्या वेळी. त्यांनी त्याला दाराजवळच्या बाकावर बसवलं आणि विचारल्याशिवाय उठायची मोकळीक दिली. दप्तरात एक चड्डी, एक ओला रुमाल, एक पिशवी. शाळेच्या संडासात पाणी नव्हतं. आमच्या ह्यांनी आणि आणखी दोन पालकांनी मिळून टाकीला नळ बसवून घेतला.

त्याच्या पोटावर डाव्या बाजूला आडवा वण आहे. पोरं विचारतात तेव्हा तो काय सांगतो ते मी त्याला ठरवू दिलं. तो सांगतो, "मी लहान असताना इथून शी करायचो." एवढंच, आणि खेळायला जातो.

---

जालन्याचा_बाप · गुरुवार, रात्री ११:५१

सोमवारी एक्सरे काढायला नेतो.

---

हिंगोलीकर_मामा · मंगळवार, सकाळी ८:०५

सहावा दिवस. नाकातल्या नळीतून रोज हिरवं पाणी यायचं, मी वहीत लिहून ठेवत होतो. पहिल्या दिवशी ६० मिली, गर्द हिरवं. परवा पोपटी. आज पहाटे पहिल्यांदा पांढरट आलं, ५ मिली. सिस्टरनं बाटली उजेडाकडं धरून दाखवली. योजनेचं काम झालं, आरोग्यमित्रानं फोटो स्वतःच काढला. बहिणीला हात धुऊन दूध काढून ठेवायला सांगितलंय, दुपारी चमच्यानं थोडंसं देऊन बघणार आहेत.

---

माजलगावची_माय · मंगळवार, सकाळी ८:१९

बहिणीला म्हणावं, दर तीन तासाला काढत राहा, थोडं आलं तरी. आणि मामा, वही बंद करू नका. किती दूध दिलं आणि शी कधी झाली, तेही त्यातच लिहा.